मुसाफिराचा हक्क

आमच्या काष्टीत उघड्यावरच्या मुक्कामाचं कुणाला नवल वाटत नाही. दर शनिवारी इथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. लांबचे व्यापारी, शेतकरी आदल्या रात्रीच येतात आणि टेम्पोच्या हौद्यात, नाहीतर खाली ताडपत्री टाकून पडतात. धनगर मेंढरं घेऊन जातात. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. हे सगळे बायकापोरांसह गाडीवर संसार बांधून निघालेले लोक. आता शहरातली माणसं हौसेने तसंच फिरतात आणि त्याला कॅम्पिंग म्हणतात. गेली तीन वर्षं थंडीत आम्हीही ते करतो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात.

त्यासाठी महागडी गाडी लागत नाही. आमची जुनी ईको आहे. मधली सीट काढली, सुताराकडून प्लायची फळी बसवून घेतली, वर गादी. फळीखाली पाण्याचे दोन जार, लहान गॅस शेगडी, चटई, लोटा, मुसल्ले, दोन बॅटऱ्या. जेवण साधंच: पहिल्या दिवशी घरच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, मग खिचडी आणि अंडी. शेगडी कायम गाडीबाहेर पेटवायची. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, कारण त्या धुरातल्या विषारी वायूचा वासही येत नाही आणि झोपेतच माणूस जातो. रात्री दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या उघड्या ठेवायच्या आणि त्यांना मच्छरदाणीचं कापड लावायचं.

पहिल्यांदा जवळच जा. आम्ही भीमेकाठी पेडगावला गेलो. तिथला बहादूरगड बघितला. रात्रीत मुलं रडली, आजारी पडली, तर तासाभरात घरी येता येईल एवढंच अंतर. दुसऱ्या वर्षी नगरमार्गे खुलदाबाद. वाटेत नगरजवळच्या डोंगरावरचा चांदबीबी महाल. तो खरं तर सलाबत खानाचा मकबरा आहे, हे मुलांना तिथेच सांगितलं.

त्या प्रवासात मुलाला एका गोष्टीची फार मजा वाटली. आम्ही हनफी. साधारण ७७ किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला निघालेल्याची नमाज कस्र होते. जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोनच राहतात. फजरचे दोन आणि मगरिबचे तीन तसेच. पेडगावला ही सवलत नव्हती, खुलदाबादला होती. "अब्बू, रोजच प्रवास करू या," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की, घर सोडलेल्या माणसाला त्रास होतो, हे दीनने मान्य केलंय, म्हणून ही सूट. जकात ज्या आठ जणांना द्यायची, त्यातही एक मुसाफिर आहे. वाटेतला माणूस अडचणीत असेल, तर त्याला मदत करणं हे उपकार नव्हेत, तो त्याचा हक्क आहे.

हा हक्क मागायचा कसा, ते मात्र रस्त्यावरच शिकावं लागतं. आमचा नियम असा: अंधार पडायच्या आत थांबायचं, जागा कुणाची आहे ते विचारायचं, आणि गाव व पूर्ण नाव आधी सांगायचं. एका संध्याकाळी एका गावात जागा मिळाली होती. नाव सांगितल्यावर ती मिळेनाशी झाली. पुढच्या गावात एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कोण गावचं पाव्हणं?" मी काष्टी म्हणालो, नाव सांगितलं. ते म्हणाले, "पोरं हायेत ना संगं? मग घ्या की गाडी वट्ट्यापाशी." सकाळी दूधही आलं.

रात्री मुलीने विचारलं, "पुढच्या वेळी दुसरं नाव सांगायचं का?" बायको आणि मी एकदमच नाही म्हणालो. खोटं नाव सांगून मिळालेली जागा आपल्याला मिळालेलीच नसते. आणि मग बाबांनी दार उघडलं, ते कुणासाठी, हेही कळलं नसतं. तिला हे किती पटलं, सांगता येत नाही. पण त्यानंतर जागा मागायला ती माझ्याबरोबर येते आणि नाव तीच सांगते.

आमचा आणखी एक कडक नियम आहे. उसाच्या कडेला मुक्काम करायचा नाही. आमच्या घोड-भीमेच्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो, घोणस असते. मुलं बरोबर असतील तर गाडी उसापासून लांब, उजेडात, वस्तीजवळ.

हा नियम मुलांना पाठ आहे. म्हणूनच खुलदाबादहून परतल्यावर अडचण झाली. आमच्या रानाशेजारी टोळी उतरली होती, पाचटाच्या कोप्या उसाला लागूनच. आईबाप पहाटे तीन-चारला कोयता घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर उचल घेतलेली, त्यामुळे थांबून चालत नाही. मुलं कोपीत झोपलेली असतात किंवा फडात नेलेली. आमची दोन रात्रींची हौस, तो त्यांचा पाच-सहा महिन्यांचा संसार. मुलीने एवढंच विचारलं, "त्यांना लांब का नाही राहू दिलं?"

उत्तर सोपं नव्हतं. मुकादमाला भेटलो. शेतमालकाशी बोलून कोप्या उसापासून हलवून विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत आणल्या. आमच्या मोटारीच्या खोलीतून वायर ओढून दोन दिवे लावले, ते रात्रभर जळतात. बायकोने आमच्या रानातल्या संडासाची किल्ली टोळीतल्या बायकांकडे दिली. दोन पोरं आता आमच्या मुलांबरोबर सकाळी शाळेत जातात. बाकीची जात नाहीत. लहान भावंडं कुणी सांभाळायची, हा प्रश्न आमच्या दिव्याने सुटत नाही. टोळी हंगाम संपला की जाणार, पुढच्या वर्षी हीच येईल असंही नाही.

तुम्ही मुलांना घेऊन निघणार असाल, तर जरूर निघा. गादी, शेगडी, दिवे सगळं जमतं. पण हॉटेल आधीच बुक करून नव्हे, एकदा तरी कुणाच्या तरी दारात उभं राहून जागा मागा आणि मुलांना शेजारी उभं करा. मागितलेलं त्यांच्या लक्षात राहतं. मग आपल्या बांधावर कुणी येऊन उतरलं की "कोण गावचं पाव्हणं?" हे विचारायला ती स्वतःहून पुढे जातात.