लेडी डॉक्टर हवी, पण कोणती?

आमच्या मोहल्ल्यात कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या हाताला गुण आहे का, फी किती घेतो, हे विचारतात. तो कशाचा डॉक्टर आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. बाईचं दुखणं असलं तर एकच अट: लेडी डॉक्टर हवी.

गेल्या वर्षी अम्मींना, म्हणजे आम्हा दोघी जावांच्या सासूबाईंना, पाळी बंद होऊन सहा वर्षं झाल्यावर अंगावरून रक्त गेलं. पंधरा दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडून औषध आणा. त्या बाई भल्या आहेत, पण त्यांच्या पाटीवर बीएचएमएस आहे, म्हणजे होमिओपॅथी.

आम्ही आधी आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं. ते बीयूएमएस, युनानीचे. त्यांनी साधी पुडीसुद्धा दिली नाही. म्हणाले, "पाळी पूर्ण बंद झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासलंच पाहिजे." बहुतेकदा कारण साधं निघतं, पण गर्भपिशवीचा कॅन्सरही पुष्कळदा असाच पहिल्यांदा दिसतो. आपल्याला काय जमत नाही हे सांगणारा डॉक्टर घराजवळ असणं ही मोठी नेमत आहे.

बाई स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळत होती. पुरुष डॉक्टर दुसऱ्याच दिवशी तपासायला तयार होते. अम्मी ऐकेनात. शेवटी अब्बांनी समजावलं: गरज असेल आणि जाणकार बाई वेळेवर मिळत नसेल, तर शरीअतने पुरुष डॉक्टरला मुभा दिली आहे, गरजेपुरतंच पाहावं आणि सोबत कुणी असावं. रुग्णहक्कांच्या सनदेतही पुरुष डॉक्टर बाईला तपासताना दुसरी बाई हजर असण्याचा हक्क आहे. आमच्यातली एक अम्मींचा हात धरून आत उभी राहिली. सोनोग्राफी झाली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. अल्हम्दुलिल्लाह, साधा पॉलिप निघाला, तो काढला.

त्या धावपळीत आम्ही पाट्या नीट वाचू लागलो. नुसत्या 'एमडी'वर जाऊ नये. एमडी युनानीत असते, आयुर्वेदात असते, होमिओपॅथीतही असते. एमडी पॅथॉलॉजी म्हणजे लॅबचे डॉक्टर. बीपी-शुगर हाताबाहेर जाऊ लागली तर एमबीबीएस करून एमडी मेडिसिन झालेले फिजिशियन पाहावेत. स्त्रीरोगासाठी एमबीबीएसच्या पुढे डीजीओ, किंवा त्याच विषयातली एमडी, एमएस, डीएनबी असते. रजिस्ट्रेशन नंबरही पाहावा: एमबीबीएसवाल्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, युनानी आणि आयुर्वेदवाल्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. विचारलं तर डॉक्टर रागावतील, अशी भीती आम्हालाही होती. कुणीच रागावलं नाही.

इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये एका जखमी माणसाची रिवायत आहे. त्याच्यासाठी दोन वैद्य बोलावले, तेव्हा हुजूर (स.) यांनी दोघांत वैद्यकी जास्त कुणाला येते, हे विचारलं होतं. अब्बांनी ती अम्मींना वाचून दाखवली.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. या वेळी घाई नाही, म्हणून अम्मींनी बाई तज्ज्ञांचीच वेळ घ्यायला लावली आहे.