खोकल्यासह भीमसेन

चोरीचा माल जुना झाला की त्याला घराण्याचा ठेवा म्हणतात. तिसगावच्या आमच्या घरात असा ठेवा म्हणजे ९० मिनिटांची एक कॅसेट. १९८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात वडिलांनी घोंगडीत टेपरेकॉर्डर लपवून साक्षात पंडित भीमसेन जोशींना 'उचलले'. तेव्हा महोत्सव रात्रभर चाले आणि शेवटी, उजाडायच्या सुमारास, भीमसेनजी गात. ४५ मिनिटांनी कॅसेट उलटताना नेमकी एक तान निसटली. वडील शेवटपर्यंत त्या तानेविषयी सांगत आणि दरवर्षी ती थोडी लांबत असे. (आमच्या बँकेत ठेवीवरसुद्धा एवढे व्याज चढत नाही.)

गेल्या दिवाळीत भाच्याने कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन 'स्वच्छ' केली. खरखर गेली, शेजाऱ्याच्या थर्मासचा खणखणाट गेला. सूर असा लख्ख, की भीमसेनजी आमच्या ओट्यावरच येऊन बसलेत! आई मात्र ऐकता ऐकता म्हणाली,

"अरे, ह्यांचा खोकला कुठं गेला?"

खोकला, आणि त्यामागून दबक्या आवाजात येणारे ते 'वा!'

भाचा म्हणाला, "आजी, काढलेला सगळा कचरा वेगळ्या फाइलीत ठेवलाय."

हल्ली दुपारी आई तीच फाइल लावते. मागे कुठेतरी भीमसेनजीही गात असतात.