कृष्णाकाठचे तीन मुक्काम

सहलीचा खर्च मांडायला बसले की निम्मा कागद राहण्याच्या खर्चानेच भरतो. मे महिन्यात महाबळेश्वर-पाचगणीला खोलीचा भाव विचारावा आणि गुपचूप एस. टी. स्टँडवर परतावे, एवढीच आपली विद्यार्थ्यांची ऐपत. पण माझ्या आजीचे म्हणणे असे की, नदीच्या काठाने जाणाऱ्याला खोली लागतच नाही. "घाट हायेत, देवळं हायेत, चिंचेची झाडं हायेत. मुक्कामाला आणि काय पायजे?" हा तिचा सवाल. गेल्या मे महिन्यात आम्ही तो खरा करून पाहिला. मामाची जुनी जीप, एक ताडपत्री, दोन सतरंज्या, लहानशी शेगडी, तांदूळ, डाळ, बरणीभर ठेचा आणि आम्ही तिघे. वाट कृष्णेची, क्षेत्र महाबळेश्वरपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाणी पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथे मानतात. पुढे सुमारे १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारी ही नदी येथे मात्र ओंजळीत मावते. आजीने त्या पाण्याचा हात डोळ्यांना लावला आणि मामाला म्हणाली, "चल आता खाली." पसरणीचा घाट उतरून आम्ही वाईला आलो. पण वाईत न थांबता मामाने जीप पश्चिमेला, मेणवलीच्या रस्त्याला वळवली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की या प्रवासाचा बेत दिसतो तेवढा साधा नाही.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि वाड्यामागे कृष्णेचा देखणा घाट. तेथली मोठी घंटा वसईच्या मोहिमेतली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. मी घंटा पाहत होते; आजी मात्र जीपमधून उतरलीच नाही. तिचे डोळे पुढच्या रस्त्याकडे होते. पुढे धोमचे धरण आणि धरणाच्या पोटात तिचे माहेर. गाव पाण्याखाली गेल्यापासून ती त्या काठाला फिरकली नव्हती.

पहिला मुक्काम जलाशयाच्या काठी, एका वस्तीच्या देवळात पडला. मामाने आधी गुरवाला विचारले. गुरवाने एवढेच सांगितले, "सकाळी झाडून घ्या म्हंजे झालं." मे महिना असल्याने पाणी खूप मागे सरले होते. भेगाळलेल्या गाळातून जुन्या घरांची जोती वर आली होती. आजी अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून त्या जोत्यांकडे पाहत राहिली. सकाळी मामाचा हात धरून हळूहळू खाली उतरली. एक, दोन, तीन अशी मोजत एका जोत्यापाशी थांबली आणि म्हणाली, "शेगडी आण गं. म्हायेराला आल्यावर चहा तरी व्हायला पायजे."

त्या जोत्यावर तिने स्वतः चहा केला. आम्ही तिघांनी उकिडवे बसून तो घेतला. कोणी फारसे बोलले नाही. मी आजवर जे मुक्काम केले त्यांत इतका श्रीमंत आणि इतका विनामूल्य दुसरा नाही.

वाईला महागणपतीच्या घाटावर घटकाभर टेकलो. लोक याला ढोल्या गणपती म्हणतात. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधले. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, ती पुराचे पाणी दोन्ही अंगांनी फुटून जावे म्हणून. नदीकाठी राहायचे तर नदीचा स्वभाव ओळखून राहावे, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते. मामाचेही शास्त्र तेच. तो जीप लावण्यापूर्वी झाडांकडे पाहतो. मागच्या पुरातला पालापाचोळा फांद्यांना जेथवर अडकलेला दिसतो, त्याच्या वरच ताडपत्री बांधतो. वाळू कितीही मऊ असली तरी पात्रात झोपत नाही. वर धरणे आहेत आणि पाणी केव्हा सुटेल ते झोपलेल्या माणसाला कळत नाही.

साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा येऊन कृष्णेला मिळते. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुण्यांचे हे गाव. संगमावर पाय बुडवून आम्ही पुढे निघालो. हमरस्ता सोडून गावागावांतून जाताना एका अंगाला ऊस, एका अंगाला नदी आणि मध्ये बाभळींच्या सावल्या. उंब्रजच्या अलीकडे वळवाचे आभाळ आले. वारा सुटला, धूळ उठली आणि टपोरे थेंब जीपच्या टपावर वाजू लागले. ताडपत्री बांधायला सवड कसली! मामाने उसाच्या कडेला एका मोटारीच्या खोपटाशी जीप उभी केली. आतून एक शेतकरी बाहेर आला.

"कुठनं आलाय?"

"धोमकडनं," मामा म्हणाला. "पाऊस थांबंस्तवर टेकू का?"

"थांबंस्तवर कशाला? ऱ्हावा की रातभर. म्हातारं माणूस हाय संगं."

खोपटात खताची पोती होती, ती त्याने बाजूला सारली. घरून भाकरी आणि आमटी आली. बोलता बोलता त्याने आजीला माहेर विचारले. आजीने गावाचे नाव सांगितले आणि पुढे म्हणाली, "आता न्हाई ते. धरणात गेलं."

तो मनुष्य थोडा वेळ गप्प राहिला. बाहेर उसावर पाऊस वाजत होता. मग म्हणाला, "मावशी, मग हे पाणी तुमचंच की. तुमच्या गावावर आमचा ऊस उभा हाय."

आजी हसली. गाव उठले तेव्हा घरभरपाईच्या कागदावर अंगठे झाले, पैसे वाटले गेले. पण गाव ज्याच्या कामी आले अशा माणसाने समोर बसून हे वाक्य म्हणावे, हे तिच्या वाट्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा आले असावे. त्या रात्री तिला शांत झोप लागली. मी मात्र बराच वेळ जागी होते.

सकाळी कऱ्हाडला प्रीतिसंगम पाहिला. कोयना आणि कृष्णा येथे समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एक होऊन वळतात. जवळच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तेथून औदुंबर, मग सांगली. सांगलीला १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी थांबलो. २०१९ च्या ऑगस्टात येथे पाणी ५७ फुटांवर गेले होते; धोक्याची पातळी ४५ फुटांची. मे महिन्यातली ती सुकलेली, शहाणी नदी पाहून हे खरे वाटत नाही. म्हणूनच काठाने जायचे ते दिवाळीनंतर नाहीतर उन्हाळ्यात. पावसाळ्यात काठ नदीचा असतो.

तिसरा मुक्काम नरसोबाच्या वाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. दुपारी महाप्रसाद घेतला. रात्री उकाडा होता म्हणून घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर सतरंजी पसरली. शेजारी कोण कुठली माणसे निजली होती. कोणाला कोणी नाव विचारले नाही.

आडवी पडल्यावर मी हिशेब मांडला. तीन रात्री आणि राहण्याचा खर्च शून्य. आजीला सांगितले, "तुझं खरं झालं. सगळं फुकटात."

"फुकट कुठलं?" ती म्हणाली. "कुणी तरी आधीच दिल्यालं असतंय."

मी त्यावर विचार करीत राहिले. घाट रास्त्यांनी आणि फडणवीसांनी बांधले, आणि त्यांची चिरेबंदी ज्या पाथरवटांनी घडवली त्यांची नावे कोठेच नाहीत. खोपटातली जागा शेतकऱ्याने दिली, आणि त्याचे पाणी आजीच्या गावाने. फुकट मुक्काम म्हणजे दुसऱ्याने आधी मोजलेले मोल. आपल्याकडून त्याची फेड ती काय व्हायची? निघताना जागा झाडावी, कचरा बरोबर न्यावा, आणि विचारल्याशिवाय टेकू नये, एवढी तरी व्हावी.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी आजीने उरलेले तांदूळ आणि डाळ एका फडक्यात बांधली आणि अन्नछत्रात नेऊन दिली. मामा म्हणाला, "आई, वाटेत लागतील की."

"असू दे," आजी म्हणाली. "म्होरच्याचा मुक्काम पडंल."