लूकचा बैल

ख्रिस्ती शाळांतून विद्यार्थ्यांच्या 'हाऊस'ना संतांची नावे देतात. मार्कचे चिन्ह सिंह, योहानाचे गरुड, लूकचे मात्र पंखांचा बैल! लूक हा वैद्यांचा पालकसंत. पण त्याचे शुभवर्तमान जखऱ्या याजकाच्या मंदिरसेवेपासून सुरू होते, म्हणून बळीचा बैल त्याच्या वाट्याला आला, असे सांगतात. आम्हां बोरीकरांना बैल पोळ्याला पुजायचा, एवढेच ठाऊक. माझ्या प्रवेशाच्या वर्षी वडिलांनी जोडीतला एक बैल बाजारात विकून फी भरली. बळी म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले. उरलेल्या बैलाला सावडीने जोड मिळवून त्यांनी पेरणी केली. आपल्या महाविद्यालयात गट पाडायचे ठरलेच, तर मित्रहो, सिंह-गरुडाआधी बैलाचा विचार व्हावा.