वैताग येतो, त्रागा करतात

आनंदनगरच्या कारखान्यातून सुटलेला कामगार अंबरनाथ स्टेशनात लोकल रद्द झाली की वैतागतो. हाच त्रागा, असं समजलं जातं. मला ते पटत नाही. राग येतो, वैताग येतो; त्रागा मात्र करतात. गुजरात-काठियावाडात भाट-चारण दिलेली हमी पाळायला लावण्यासाठी स्वतःवरच कट्यार चालवत, त्या प्रथेचं नाव त्रागा. समोरच्याला पाप लागावं म्हणून स्वतःला इजा! भरलं ताट सरकवून उपाशी झोपणाऱ्याच्या रागात तीच धार आहे. गाडीसमोर त्रागा कसा होणार? आपलं दुखणं जिला बोचेल अशी व्यक्ती समोर लागते. शब्दांचे अर्थ पातळ होतातच, असं कुणी म्हणेल. होतात; पण ‘उगाच त्रागा करून घेऊ नकोस’ असं आजही म्हणतात, आणि त्या ‘करून घेऊ’त जखम कुणाला होते ते उघड आहे.