दिग्रसची भट्टी

यवतमाळहून दिग्रसला जायचं तर वाटेत दारव्हा लागतं. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनाशी थांबल्याशिवाय या भागाचा इतिहास नीट कळत नाही, म्हणून मी एसटीतून उतरले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी रुंदीची रेल्वे टाकली ती वऱ्हाडच्या कापसासाठी. ११३ किलोमीटरचा हा मार्ग लोकांना शकुंतला म्हणूनच ठाऊक आहे. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन या रुळांवर १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावलं. त्याच्यानंतर डिझेल आलं आणि पुढे गाडीच बंद पडली. आता रुळांच्या मधून गवत वर आलंय.

दिग्रस या रुळांपासून बाजूलाच राहिलं. तिथला कापूस दारव्ह्यापर्यंत बैलगाडीनं यायचा आणि परतीच्या गाड्यांतून गावाला लागणारा बाहेरचा माल जायचा. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या लोहमार्गावर दिग्रस आहे खरं. पण पायाभरणी २००९ साली झाली आणि वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी धावायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. पुढचे रूळ येईपर्यंत एसटी आहेच.

दारव्ह्याहून पुढचा रस्ता चढउतारांचा, दोन्ही बाजूंना काळी जमीन. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. सोयाबीन निघालेलं, तूर हिरवीगार आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं फुटायला लागलेली. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा करतात, त्याच्या खुणा बांधावर दिसत होत्या. हा सगळा मुलूख १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे ते मोल आलं. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला टेकली. कापसामागोमाग मारवाडी, कच्छी, गुजराती व्यापारी आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचं खाणंपिणंही. दिग्रस तेव्हा दारव्हा तालुक्यात, वणी जिल्ह्यात होतं. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं.

त्याच्याही आधीचा व्यापार बंजाऱ्यांच्या तांड्यांचा. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून त्यांनी हा मुलूख पायाखाली घातला होता. बंजारा समाजाच्या सेवालाल महाराजांची समाधी असलेलं पोहरादेवी दिग्रसहून जवळ आहे. जिल्हा वाशिम, पण जाणंयेणं दिग्रसशी. रामनवमीला तिथल्या यात्रेला जाणाऱ्या गर्दीचा बराच भाग याच रस्त्यानं जातो.

दिग्रसला मी गेले ते मात्र बिस्किटांसाठी.

घरचं सामान भट्टीवर नेऊन बिस्किटं करून आणायची पद्धत विदर्भ-मराठवाड्यातल्या गावोगावी आहे, शहरातल्या वाचकाला कदाचित नवलाची वाटेल. मैदा, बेसन, रवा, पिठीसाखर, तूप असं सगळं घरून न्यायचं. बेकरीवाला मळून, वळून, भाजून देतो आणि किलोवर मजुरी घेतो. रिकामा डबा सोबत न्यायचा, भरलेला आणायचा. दिवाळीत चकल्या-करंज्यांच्या बरोबरीनं नानकटाईचा डबा भरल्याशिवाय फराळ झाला असं इथे कुणी मानत नाही. तीच भट्टी रमजान ईदच्या आधी तितकीच गजबजते. त्या दिवसांत रांगेतले चेहरे वेगळे असतात, डबे सारखेच.

दिग्रसच्या माझ्या मामीनं आदल्या रात्रीच बजावलं, "पाचाले निघू. उशीर केला त लाइनीत दुपार होते."

पहाटे पाचला निघालो तरी आमच्या आधी कितीतरी जणी डबे लावून बसल्या होत्या. पाव काढून झाल्यावरच बिस्किटं लावतात, कारण तोवर भट्टीचा जोर उतरलेला असतो. विटांची घुमटाकार भट्टी आत जाळलेल्या लाकडांनी तापते. निखारे बाजूला सारले की विटांतली धग हळूहळू उतरत जाते. आधी पाव, मग टोस्ट, मग नानकटाई, असा हा उतरत्या आचेचा क्रम. घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये आपण आकडा लावतो आणि तो तिथेच राहतो. भट्टीत शेवटचा ट्रे पहिल्यापेक्षा मंद भाजला जातो आणि माझ्या मते चवीला तोच सरस उतरतो. कारागीर लांब दांड्याच्या फावड्यानं काळेकुट्ट ट्रे आत सरकवतो. आचेचा अंदाज तो भट्टीच्या तोंडाशी हात धरून घेतो.

बायकांचं लक्ष ट्रेवर. कुणी साजूक तूप आणलेलं, कुणी डालडा. आपलं साजूक तुपाचं बिस्किट दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून ट्रेवर नावाची चिठ्ठी ठेवतात, तरी नजर हटत नाही. डालडा बाजारात आला १९३७ साली, आणि साध्या घरांत नानकटाई पोचली ती मुख्यतः त्याच्या जोरावर. खेड्यातल्या कित्येक घरी नानकटाई ठेवायला डबाही डालड्याचाच असे, पिवळा, ताडाच्या झाडाचं चित्र असलेला.

नानकटाईचं मूळ सुरतेत सांगतात. तिथे डचांची वखार होती, डचांना पाव लागे, म्हणून भट्टी घातली गेली. डच गेले आणि भट्टी पारशी कारागिराच्या हाती राहिली, अशी ती कथा. १८६१ साली सुरू झालेली सुरतेची दोटीवाला बेकरी आपला धागा याच कथेशी जोडते. योगायोग असा की वऱ्हाडच्या कापसाचं नशीब पालटायला सुरुवात झाली तेही हेच साल.

या वेळी आमच्या पिशवीत नानकटाईच्या सामानाशिवाय आणखी एक गोष्ट होती. माझी भाची क्रोएशियात झाग्रेबला शिकते. सुट्टीत येताना तिनं पत्र्याचे छोटे साचे आणले होते, आत पन्हळी असलेले. तिकडे नाताळला घरोघरी त्यांत अक्रोडाची बिस्किटं करतात, त्यांना अस्वलाचे पंजे म्हणतात. कुटलेला अक्रोड, मैदा, साखर, लोणी किंवा चरबी, एखादं अंडं, दालचिनी आणि लिंबाची साल. साच्यात दाबून भाजायचं, गरम असतानाच ठोकून काढायचं आणि पिठीसाखरेत घोळवायचं. तिकडे अक्रोडाचं झाड परसातच असतं, त्यामुळे त्यांना त्याचं अप्रूप नाही. आपल्याकडे अक्रोड येतो काश्मीरहून, आणि दिवाळीत त्याचा भाव ऐकून मामीचा जीव वरखाली झाला.

"एवढे महागाचे अक्रोड कायले कुटता वं? शेंगदाणे नाई का घरात?"

अंड्यालाही तिचा नकार होता; दिवाळीच्या फराळात अंडं चालणार नव्हतं. मग अंड्याऐवजी थोडं दूध, चरबीऐवजी तूप आणि दोन वाटे केले: एकात अक्रोड, दुसऱ्यात भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट आणि चारोळी.

चारोळी मात्र या मातीचीच. यवतमाळच्या जंगलात चाराची झाडं आहेत. उन्हाळ्यात काळी, आंबटगोड चारं बाजारात येतात. गर खाऊन झाला की कठीण कवच फोडून आतला दाणा काढतात, तीच चारोळी. फळं वेचून बी फोडायचं कष्टाचं काम जास्त करून आदिवासी बायकांच्या वाट्याला येतं. या झाडाच्या वनस्पतिशास्त्रीय नावात बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरचं नाव अडकलेलं आहे. फळं वेचणारीचं कुठे नाही. नानकटाईवर मधोमध दाबलेले चार दाणे पाहताना हा हिशेब डोक्यात असलेला बरा.

साचे पाहून कारागिरानं एक हातात घेऊन उलटसुलट केला. "बाई, इसको आखिर में डालेंगे," तो म्हणाला. अगदी बरोबर बोलला. अक्रोडाचं तेल लवकर करपतं आणि साच्याचा पत्रा पातळ, त्याला मंद आचच हवी. झाग्रेबची कृती त्यानं कधी ऐकली नव्हती, पण भट्टी त्याला माहीत होती.

शेंगदाण्याचे पंजे साच्यातून सुटताना तुटले, आणि चव थेट चिक्कीची आली. चारोळीनं थोडं सावरलं. अक्रोडाचे मात्र अखंड निघाले, खुसखुशीत, वरून दालचिनीचा वास. मामीनं एक खाल्ला, दुसरा उचलला आणि भावाबद्दल पुन्हा काही बोलली नाही. तरी माझं मत विचाराल तर या भट्टीतून निघालेली सर्वांत चांगली गोष्ट साजूक तुपाची नानकटाईच होती. पंजे परदेशातून येऊन इथे निभावले, एवढंच त्यांच्याबद्दल म्हणता येईल.

दुपारी धावंडा नदीकडे आणि घंटीबाबांच्या मंदिरात जाऊन आले. दिग्रस पाहायला तेवढा वेळ पुरतो. गावाचा जीव बाजारात आहे, पाहण्यासारख्या स्थळांत नाही.

जायचं असेल तर दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी जा. धनत्रयोदशीला भट्टीवर उभं राहायलाही जागा नसते. एक किलो पिठाचं प्रमाण मामीचं असं: मैदा ७०० ग्रॅम, बेसन २००, बारीक रवा १००, पिठीसाखर ६०० आणि तूप ६००, वेलदोडा आपल्या मनानं. तूप घट्ट असावं, पातळ केलेलं नको, नाहीतर नानकटाई ट्रेवर पसरते. आणि डबा घरूनच न्या, झाकण घट्ट बसणारा. भट्टीवर मिळणाऱ्या पिशवीत निम्म्या नानकटायांचा भुगा होतो.