गंधकाचा वास आणि गंधकाची खाण



महाडला आलात म्हणजे तुम्ही चवदार तळे पाहताच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथले पाणी पिऊन सर्वांचा हक्क बजावला. जवळच सव गावी गरम पाण्याचे झरे आहेत. तळ्याच्या काठावर एका शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, माझ्या वालाची कोवळी पाने पिवळी पडतात. तुम्ही गंधक द्यायला सांगता. सवच्या पाण्याला तर गंधकाचाच वास! मग विकत कशाला घ्यायचे?"

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर तुम्हालाही सांगतो.

गंधक साठते जागत्या ज्वालामुखीच्या तोंडाशी. तप्त शिलारसातून वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास. सल्फर डायऑक्साइड नाकाला झोंबतो. दोघांचा संयोग झाला की गंधक आणि पाणी तयार होते, आणि भेगांच्या कडांवर पिवळे खडे धरतात. जावा बेटावरील कावा इजेन येथे मजूर असे गंधक फोडून खांद्यावरून वाहत आले आहेत. आपल्या देशातला जागता ज्वालामुखी म्हणजे अंदमानातील बॅरन बेट.

आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच; पण त्याची चूल विझून सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. आपल्या झऱ्यांचे पाणी ज्वालामुखीने तापत नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तिथल्या खडकांच्या उष्णतेने तापते आणि वर येते. त्यात हायड्रोजन सल्फाइडचा अगदी थोडा अंश असला, तरी नाकाला कळतो. तेवढ्यावरून खाली खाण आहे असे समजू नये. उलट, कोकणातल्या अशा बऱ्याच झऱ्यांचे पाणी खारट असते. ते शेताला लावू नका.

पिकाला मात्र गंधक हवेच. प्रथिने आणि तेल तयार व्हायला ते लागते. आपल्याकडच्या धो धो पावसात ते झिरपून जाते, आणि युरिया किंवा डीएपी देऊन ते भरून निघत नाही. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या गोणीत सुमारे साडेपाच किलो गंधक असते. स्फुरद देताना ते आपोआप मिळते.

एक खूण लक्षात ठेवा. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळी आधी पडली तर गंधकाची शंका घ्यावी. खात्रीसाठी मातीचा नमुना देताना गंधकाचीही तपासणी मागून घ्या.